फुग्यामागची जीप

संशोधनाचा पेपर छापून येतो तेव्हा त्यात आलेख असतात, आकडे असतात आणि शेवटी बारीक टाइपात चार ओळींचे आभार असतात. त्या आभारात जीपला जागा नसते. जीपचा ड्रायव्हर, पूल नसलेले ओढे, कुणाच्या तरी ओसरीवर खाल्लेली भाकरी, हे सगळं छापायचं राहून जातं आणि माझ्यासारख्याकडे साठत जातं. रिटायर होऊन भालकीत परत आलो, तरी चार दोस्त बसले की कुणीतरी म्हणतंच, "सूर्यवंशी, ते पंचनाम्याचं सांग की!" एक किस्सा सांगितला की त्याच्यामागून दुसरा येतोच.

आधी काम काय होतं ते सांगतो, म्हणजे मधेच कुणी विचारायला नको. म्हैसूर राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मुंबईची एक संस्था हैदराबादहून प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे सोडायची. फुग्याखाली एक पेटी. पेटीत काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेच्या प्लेटा, फोटोच्या काचेसारखा लेप दिलेल्या. आभाळातून येणारा कण त्या लेपातून गेला की तिथं रेघ उठते. वर वारा पश्चिमेचा रस्ता धरायचा, म्हणजे फुगा थेट आमच्या बिदर-गुलबर्ग्याकडे यायचा. वेळ झाली की दोरी तुटायची आणि पेटी पॅराशूटनं खाली यायची. कुणाच्या शेतात, ते वारा ठरवणार. ती शोधून आणायची, हे आमचं काम. उजेड लागला की प्लेट गेली. ऊन लागून तापली तरी गेली.

जीपमध्ये आम्ही तिघं. नलिनीबाई, म्हणजे मुंबईहून आलेल्या शास्त्रज्ञ. त्यांचा थिसिस या प्लेटांवर अवलंबून. खाजाभाई, ड्रायव्हर. आणि मी, वाट दाखवणारा. पेटी उशिरा मिळाली म्हणून एकदा मोठे साहेब खाजाभाईंवर चिडले. खाजाभाई शांतपणे म्हणाले, "साब, मैं जीप चलातूं. हवा नई चलातूं!"

*

माझी मुलाखत हैदराबादला झाली. समोर मोठे साहेब आणि बाजूला नलिनीबाई.

साहेबांनी विचारलं, "फिजिक्स येतं का?"

"न्हाई."

"गणित?"

"मॅट्रिकपुरतं."

"मग येतं काय तुला?"

मी म्हणालो, "मराठी येती, कानडी येती, दखनी येती. औरादकडची तेलुगू समजती, बोलायला जमत न्हाई. आनी भालकीपास्नं आळंदपतोर कुठल्या ओढ्यावर पूल न्हाई ते ठावं हाय."

साहेब कागदावर काहीतरी लिहायला लागले. नलिनीबाईंनी त्यांच्या हातातलं पेनच धरलं. "सर, आपल्याकडे फिजिक्स येणारे अकरा जण आहेत. ओढे माहीत असलेला एकही नाही!"

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर.

*

मन्नाएखेळ्ळीला सडकेच्या कडेला संगण्णाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे एक छप्पर, दोन बाकडी आणि भज्यांची कढई. फुगा वर असला की आम्ही तिथं लिंबाखाली जीप लावून वाट बघत बसायचो.

एकदा संगण्णानं विचारलं, "अक्का, तुमी नेमकं काय हुडकायलाव?"

बाईंना कुणी मनापासून विचारलं की त्या मनापासून सांगायच्या. म्हणाल्या, "आभाळातून कण येतात. ते वर हवेवर आपटून फुटतात. त्यातून एक फार बारीक कण निघतो, न्यूट्रिनो. तो कशालाच अडत नाही. आत्ता तुमच्या हातातून असंख्य चाललेत. हातातून, कढईतून, जमिनीतून, पार पृथ्वीच्या पलीकडे."

संगण्णानं स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. "थांबतच न्हाई?"

"एखादाच. फार म्हणजे फार क्वचित. आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला सोन्याची खाण आहे. तिच्या तळाशी आमचे लोक यंत्रं मांडून त्या एकाची वाट बघत बसलेत. वर किती तयार होतात याचा अंदाज मी या पेटीवरून काढते."

"वर्सभर बसायलेत?"

"हो."

मला वाटलं, आता हा हसणार. पण संगण्णा हसला नाही. भजी झाऱ्यानं उलटत म्हणाला, "माझं बी तेच हाय की, अक्का. सडकेवरनं दिसभर गाड्या जात्यात. समद्या सुसाट. थांबती एखादीच. पर म्हनून मी कढई उतरवत न्हाई."

बाईंनी हे वहीत लिहून घेतलं. पुढे मुंबईत त्यांचं व्याख्यान झालं, त्याची सुरुवात म्हणे भज्यांच्या कढईपासून होती!

*

आता पंचनामा.

फुगे बऱ्याच जणांचे असायचे, बाईंच्या वाट्याला वर्षातून एकच. हा त्यांचा पहिला. पेटी भालकीच्या अलीकडे एका उसाच्या फडात उतरली. शेतकरी शहाणा माणूस, त्यानं हात न लावता पोलिसांना कळवलं. आम्ही पोचायच्या आत हवालदार पोचला. ठाणं कुठलं ते सांगत नाही. हवालदार मात्र अतिशय प्रामाणिक होता, आणि घात तिथंच झाला.

आम्ही गेलो तेव्हा ठाण्याच्या अंगणात पाच पंच ओळीनं बसलेले. मधे पेटी, दोरीनं करकचून बांधलेली, गाठीवर लाखेचं सील. बाईंचा चेहरा खुलला. पेटी जशीच्या तशी होती!

हवालदारानं सलाम ठोकला आणि पंचनामा वाचायला घेतला. "पेटी पंचांसमक्ष उघडली असता आत काळ्या कागदातील पुडकी मिळून आली. प्रत्येक पुडके सोडून पाहता आत काच मिळून आली. प्रत्येक काच उजेडात धरून, दोन्ही बाजूंनी तपासून..."

पुढचं मी ऐकलं नाही. मी बाईंकडे बघत होतो. वर्षाचं काम होतं ते. भर अकराच्या उन्हात एकेक काच सूर्याकडे धरून तपासलेली!

वाचून झाल्यावर हवालदार अभिमानानं म्हणाला, "म्याडम, मोजून घ्या. एक बी नग कमी न्हाई! समदे जसेच्या तसे पुन्ना गुंडाळलेत."

बाईंनी पेटीकडे बघितलं. मग त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि पावती लिहिली, "सर्व नग बरोबर." सही केली. हवालदाराचे आभारही मानले.

जीपमध्ये बसल्यावर खाजाभाईंनी विचारलं, "बाई, डाँटे कायकू नई?"

बाई म्हणाल्या, "काय म्हणून रागवू? इतकं नीट काम आमच्या लॅबमध्येही कुणी करत नाही."

*

फुगा कुठं चाललाय ते बघायला आमच्याकडे तीन पायांवर उभी करायची एक दुर्बीण होती, थिओडोलाइट. जमीन मोजायला वापरतात, तीच. लोकांनी ती फक्त मोजणीवाल्यांकडे पाहिलेली. तेव्हा आमच्या भागात एकच विषय, आपण म्हैसुरात राहणार की महाराष्ट्रात जाणार. राज्यांची फेरवाटणी होऊन फार वर्षं झाली नव्हती.

एका गावाबाहेर मी दुर्बीण लावून उभा राहिलो. अर्ध्या तासात गावातली पाच-सहा वजनदार माणसं आली. हार घेऊन! हार बाईंच्या गळ्यात घातला. बाई गोंधळल्या.

म्होरक्या हात जोडून म्हणाला, "म्याडम, रेघ कुठनं जायलीय?"

"कसली रेघ?"

"राज्याची. आमाला कुन्या अंगाला टाकायलाव?"

मी समजावलं की ही मोजणी जमिनीची नाही, आम्ही वरचा फुगा बघतोय. त्यांना ते अजिबात पटलं नाही. सरकारी माणूस खरं कशाला सांगेल? आपसात कुजबुज झाली. मग म्होरक्या पुन्हा पुढे आला.

"बरं, ऱ्हाऊ द्या. सांगायचं नसंल तर सांगू नका. कुठं बी टाका. पर उदगीरची गाडी तेवढी बंद करू नका! माझ्या दोन्ही पोरी तिकडंच दिल्यात."

बाईंनी त्यांना गाडी बंद होणार नाही असं वचन दिलं. सुदैवानं झालीही नाही.

*

पेटी मिळाली की पॅराशूट मिळायचंच असं नाही. नारिंगी, घट्ट विणीचं, न फाटणारं कापड. पेटीबद्दल लोकांना भीती वाटायची, कापडाबद्दल नाही. मुंबईहून दरवेळी पत्र यायचं, "पॅराशूटचे काय झाले, खुलासा करावा."

पंधरा ऑगस्टला आम्ही असेच एका गावावरून चाललो होतो. समोरून प्रभातफेरी आली आणि खाजाभाईंनी करकचून ब्रेक मारला. पहिली ते चौथीची अख्खी शाळा नारिंगी! मुलांना नारिंगी सदरे, मुलींना नारिंगी झंपर. पुढच्याच पोराच्या पाठीवर आमच्या संस्थेच्या शिक्क्याचा अर्धा भाग, उरलेला त्याच्यामागच्या पोरीच्या बाहीवर.

मास्तरांनी आम्हाला ओळखलं. पांढरेफटक पडले. "बाई, पेटी तर आम्ही इमानदारीनं दिली होती..."

बाई जीपमधून उतरल्या. फेरी पुढे जाईपर्यंत उभ्या राहिल्या, झेंड्याला वंदन केलं, मुलांबरोबर शेंगदाणे-गूळ खाल्ला. परत आल्यावर मुंबईला खुलासा पाठवला. दोनच ओळी. "पॅराशूट सापडले. वापरात आहे."

*

दुसरा फुगा औरादच्या बाजूला गेला. या खेपेला पोलीस नाहीत, पंच नाहीत. पेटी एका शेतातल्या घरी सुखरूप असल्याचा निरोप आला. उघडलेली नाही, हे निरोप्यानं तीनदा सांगितलं. बाई जीपमध्ये गाणं गुणगुणत होत्या.

घरात एक अक्का होती. साठीची, हसतमुख, कानात भरगच्च बुगड्या. तिनं आम्हाला आत नेलं. पेटी चुलीपाशी, दोन जाड वाकळांत गुंडाळून ठेवलेली. चूल धगधगत होती.

"कामून हितं ठिवलं?" मी विचारलं.

"आरं, बर्फागत गार पडलं होतं ते!" अक्का म्हणाली. "हात लावला तर बोटं बधिर झाली. कुठनं आलंय, किती वरनं आलंय बिचारं. म्या म्हनलं मरतंय का काय. दोन दिस झाले, चूल इजू दिली न्हाई. आता बघ कसं ऊब धरलंय."

खरं होतं तिचं. वर हाडं गोठवणारी थंडी असते. पेटी तीच थंडी घेऊन उतरते. अक्कानं तिला बाळंतिणीच्या पोरासारखं शेकलं होतं. प्लेटांवरचा लेप वितळून कागदाला चिकटला होता. दुसरं वर्षही गेलं.

बाई तिथंच चुलीसमोर बसल्या. अक्कानं भाकरी वाढली, ती त्यांनी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. निघताना अक्काच्या पाया पडल्या. जीप बांधाबाहेर आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते पहिल्यांदा पाहत होतो. मलाही वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. खाजाभाईंनी त्या दिवशी बिदर येईपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

आठवड्यानं मोठ्या साहेबांचं पत्र आलं. तिसरा फुगा शेवटचा. तोही गेला तर बाईंनी हा विषय सोडावा.

*

तिसऱ्या फुग्याचा किस्सा मी फारसा सांगत नाही. आज सांगतो.

त्यासाठी माझ्या घरचं थोडं सांगायला हवं. गावात जनावर मेलं की ते ओढून गावाबाहेर न्यायचं, हे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांच्या गळ्यात होतं. गावानं हुकूम करायचा, आमच्यांनी उचलायचं. छप्पन्ननंतर आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला आणि ते काम सोडलं. बापानं आम्हा भावांना समोर बसवून सांगितलं होतं, "आजपास्नं पडलेलं उचलायचं न्हाई."

मला नोकरी लागली तेव्हा बापानं विचारलं, काम काय? मी म्हणालो, "आभाळातून पडलेलं उचलून आणायचं." बाप दोन दिवस माझ्याशी बोलला नाही! तिसऱ्या दिवशी म्हणाला, "हुकूम तुझ्या सायबाचा हाय न्हवं? गावाचा न्हाई न्हवं? मग जा."

तर तिसरा फुगा. एप्रिलचा महिना. पेटी आळंद तालुक्यात, मादन हिप्परग्याच्या पलीकडे उतरल्याचं एका बस कंडक्टरकडून कळलं. गावाचं नाव नको. पेटी पडली होती आदल्या दिवशी सकाळी. आम्ही पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे दीड दिवस, आणि डोक्यावर एप्रिलचं ऊन.

पाटील चावडीतच भेटले. बाईंनी पाणीसुद्धा न घेता विचारलं, "पेटी कुठं आहे?"

"हाय तिथंच, रानात."

"उन्हात?"

"मग काय करायचं, म्याडम? कालच वस्तीवर सांगावा धाडला, पेटी उचलून चावडीत आना म्हनून. न्हाई म्हनायलेत! आमी पडलेलं उचलनं सोडलं म्हनत्यात. लई शेफारलेत आताशा."

"मग तुमच्यापैकी कुणी का नाही आणली?"

पाटलांना प्रश्नच कळला नाही. "आमी?" म्हणाले, "ते काम आमचं न्हवं."

बाई रानाकडे चालायला लागल्या. मी मागोमाग. नांगरलेल्या काळ्या रानात जीप जाईना, म्हणून खाजाभाई सडकेवरच थांबले. पाटील आणि गावातली पंधरा-वीस माणसं मजा बघायला मागून आली. मला बाईंच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आणि खरं सांगतो, वस्तीचा मला राग आला होता. एका पेटीनं काय बिघडलं असतं, असं वाटलं. लगेच बापाचा चेहरा आठवला आणि स्वतःचाच राग आला.

बांध ओलांडला आणि दोघंही थबकलो.

रानाच्या मधोमध चार मेढी रोवलेल्या. वर कडब्याच्या पेंढ्यांचं जाड छप्पर. चारी बाजूंनी ओली गोणपाटं सोडलेली. आत पेटी, पडली होती तशीच, थोडी कललेली. बाजूला एक म्हातारा बसलेला, पुढ्यात घागर. तो तांब्यानं गोणपाटावर पाणी मारत होता. पलीकडे वस्तीतल्या दोन बाया डोक्यावर घागरी घेऊन येत होत्या.

बाई आत वाकल्या आणि पेटीवर तळहात टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे वळल्या. "गार आहे," म्हणाल्या. "सूर्यवंशी, गार आहे!"

मग म्हाताऱ्याला विचारलं, "आज्जा, हे कुणी केलं?"

"वस्तीनं."

"पण तुम्ही तर नाही म्हणालात ना?"

"उचलायला न्हाई म्हनलो." म्हाताऱ्यानं पेटीवरच्या कागदाकडे बोट केलं. दोन पेट्या गेल्यावर आम्ही तो चिकटवायला लागलो होतो; त्यावर मराठी, कानडी आणि उर्दूत सूचना होती. मराठी अक्षर माझंच. "नातीनं वाचून दावलं. उन्हात ठिवू नये, आत काच हाय. आता उचलायचं तर न्हाई, ते ठरलंय. मग सावलीच हितं आनली. पडलं तवाच आनली, ऊन चढायच्या आत."

बाईंनी एक गोणपाट हळूच बाजूला केलं.

पेटीला दोन बाजूंना दोन कड्या. एकट्याला उचलायची नाही, दोघं लागतात. मी नेहमीसारखा पुढे झालो, वाकलो, कडीला हात घातला. बाईंनी दुसरी कडी धरली.

"बाबा, तू कुठला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"भालकीचा, आज्जा."

"कुनाचा?"

मी सांगितलं. "जय भीम, आज्जा."

"जय भीम." त्यानं मागे बांधावर उभ्या असलेल्या गावाकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मग तू बी नको. गाव बघायलंय."

माझा हात कडीवर होता. ती माझी नोकरी होती. हुकूम माझ्या साहेबांचा होता, गावाचा नव्हता. हे सगळं मला त्याला सांगता आलं असतं. मी कडी सोडली आणि सरळ उभा राहिलो.

बाई एका बाजूनं तशाच वाकलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. मग मान वर करून बांधाकडे बघत म्हणाल्या, "पाटील, जरा ही बाजू धरता का?"

पाटलांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे. मग धोतराचा सोगा वर खोचला, बांध उतरून आले, छपराखाली वाकले आणि कडी धरली.

पुढे बाई, मागे पाटील, असे दोघं काळ्या ढेकळांतून सडकेकडे निघाले. म्हातारा घागर घेऊन बाजूनं चालत होता. दहा पावलं गेली असतील. पाटलांचा पाय ढेकळावरून घसरला आणि पेटी हिंदकळली.

म्हातारा म्हणाला, "दमानं, पाटील. काच हाय आत."